पाहुणेराचा दगड

“बुडाशी अंडी आहेत. या डोळ्यांनी पाहिली मी. आणि ती त्या...”

काचेपलीकडून एवढेच ऐकू आले, आणि तेवढ्यात पाणी घुमवणारा भोवरा सुरू झाला. पुढचे शब्द त्यात वाहून गेले. काचेवरचे शेवाळ खात बसलेल्या गोगलवहिनीने शिंगे ताणून ताणून पाहिली, पण आणखी एक अक्षर हाती लागले नाही. मग तिने तोंडातले शेवाळ टाकले आणि बातमी घेऊन निघाली.

त्या राज्याची स्थिती अशी होती. चारही बाजूंना काच, आत खारे पाणी, आणि डोक्यावर ठरल्या वेळी उगवणारा, ठरल्या वेळी विझणारा उजेड. मोठ्या भागाला थोरले कुंड म्हणत. तिथे पोवळ्यांची जुनी घराणी आपापल्या खडकावर बसलेली होती. एका कोपऱ्यात काचेची भिंत घालून लहानसा भाग तोडला होता, ते पारखकुंड. वरून जे कोणी नवे येई, त्याला चाळीस उजेड तिथे काढावे लागत. अंगावर अळी नाही, अंडे नाही, अशी खात्री पटली तरच थोरल्या कुंडात जागा. नियम काही वाईट नव्हता. पोवळी खाणारी अळी एकदा शिरली की जिवंतपणी कातडी सोलते, आणि मागे पांढरे हाड उभे राहते. त्या वर्षी थोरल्या कुंडात अशी तीन हाडे उभी होती.

आणखी एक रीत होती, आणि तिचा सगळ्यांना फार अभिमान. नवा पाहुणा आला की थोरल्या कुंडाच्या मधोमध असलेला एक दगड उचलून पारखकुंडात नेऊन ठेवत. त्या दगडात आपल्या पाण्याचा गुण मुरलेला आहे, त्याच्या संगतीने पाहुण्याला इथले पाणी मानवते, अशी समजूत; आणि समजूत खरीही होती. त्याला पाहुणेराचा दगड म्हणत. चाळीस उजेड झाले की तो वाजतगाजत परत आपल्या जागी येई.

या खेपेची पाहुणी शेवंती होती. गुलाबी फांद्यांचे पोवळे, फांदीफांदीवर शेकडो इवलाली तोंडे. तिचा मूळ खडक फुटला होता, परत जायला जागा नव्हती. पारखकुंडातला उजेड मंद. तिच्यासारखीला त्यात चाळीस दिवस कसेबसे निघतील, एकेचाळिसावा नाही, हे तिला ठाऊक होते. तिच्या फांद्यांत राखण्या राहत असे. नखाएवढा खेकडा. तिच्या अंगचे चिकट पाणी खायचे आणि तिच्यावर चालून येईल त्याला नांगीने फाडायचे, हे त्याच्या सात पिढ्यांचे काम.

गोगलवहिनी चालायला हळू, पण तिची बातमी हळू नव्हती. ती पोचायच्या आधीच थोरलीबाई वाट पाहत होती. थोरलीबाई म्हणजे मेंदूसारख्या वळ्यावळ्यांचे जुने पोवळे. शेजारी वीतभर जवळ सरकला की ती आपला लांब चाबूक सोडी आणि त्याचे अंग जाळून टाकी. असे किती शेजारी जळाले, याला कोणी रोग म्हणत नव्हते.

“काय गं वहिनी, अंडी म्हणे?”

“हो ना बाई. बुडाशी.”

“कोण म्हणालं?”

“तो तिचा खेकडाच की. त्याच्याच तोंडून ऐकलं.”

“पुढं काय म्हणाला?”

गोगलवहिनी जरा घुटमळली. “पुढचं भोवऱ्यानं खाल्लं. पण अंडी म्हणाला, बुडाशी म्हणाला. आता आणखी काय ऐकायचं राहिलं हो?”

काही राहिले नाही, असेच सगळ्यांना वाटले.

मिशाळअण्णाला हुकूम गेला. हा लांब मिशांचा झिंगा त्या राज्याचा पारखी होता. दोन नांगीवाले खेकडे बरोबर घेऊन तो काचेच्या भिंतीवरून पारखकुंडात उतरला. नांगीवाल्यांनी शेवंतीला उपटले आणि तपकिरी कडूपाणी भरलेल्या शिंपल्यात बुडवले. कडूपाणी अंगाला लागताच तिची शेकडो तोंडे एकदम मिटली. अशी मिटलेली तोंडे कित्येक उजेड उघडत नाहीत, आणि पोवळे बोलते ते तोंडांनीच.

राखण्या तडफडत बाहेर पडला. त्याचे दोन पाय जागच्या जागी गळले.

“अण्णा, हा बघा किडा,” एक नांगीवाला ओरडला.

“किडा नाही! राखणदार आहे मी,” राखण्या म्हणाला. “अण्णा, जरा ऐकून घ्या. अंडी आहेत, खरं आहे, पण...”

“कबूल केलं!” दुसरा म्हणाला.

“पण कुठं ते तरी विचाराल? थांबा, आणून दाखवतो.”

“बोलू दिलं की सगळेच राखणदार निघतात,” पहिला म्हणाला आणि त्याने नांगी उगारली.

राखण्या उरलेल्या पायांवर धावला. तो फांद्यांकडे गेला नाही, काचेकडे गेला नाही. थेट पाहुणेराच्या दगडाखाली शिरला. लपायला शिरला, असे तिघांनाही वाटले. नांगीवाले दोघे दगडावर चढले, सगळ्या पायांनी जोर लावून त्यांनी तो वाळूत दाबला आणि मग इकडून तिकडे घोळवला, जसा पाट्यावर वरवंटा घोळवतात. करकर असा आवाज झाला. दगडाच्या कडेने थोडे निळसर पाणी बाहेर आले, मग तेही थांबले.

“जाऊ द्या,” मिशाळअण्णा हलक्या आवाजात म्हणाला. “दगड उचलून बघायचं का, काय म्हणत होता ते?”

“आपला दगड?” नांगीवाल्याने विचारले. “त्यात काय बघायचं?”

अण्णाने मिशा आवरल्या. पारखायचे ते पाहुण्याला, दगडाला नव्हे. त्याच्या बापाच्या वेळेपासून असेच चालत आले होते.

त्यानंतर शेवंतीच्या बुडाशी शोध झाला. नांगीवाल्यांनी तिचा पाया खरवडला. अंडे नव्हते. मग, फांद्यांच्या बेचक्यात असेल, म्हणून त्यांनी खालच्या तीन फांद्या मोडल्या. तिथेही नव्हते.

“बाई, सापडलं काही नाही,” अण्णाने येऊन सांगितले.

“सापडलं नाही म्हणजे पक्की कसलेली आहे,” थोरलीबाई म्हणाली. “चाळीस पुन्हा पहिल्यापासून मोजा.”

म्हणजे काय, हे शेवंतीला कळले. ओरडायला तिच्याकडे तोंड नव्हते.

राखण गेल्यावर पारखकुंडात जे व्हायचे ते झाले. उजेड विझला की दगडाच्या बाजूने काहीतरी सपाट, तिच्याच रंगाचे सरपटत येई आणि उजेड व्हायच्या आत परत जाई. पंधराव्या उजेडाला तिच्या फांदीवर पांढरे गोल डाग दिसले. नांगीवाल्यांनी ते काचेतून सर्वांना दाखवले. कोणाला आता शंका राहिली नाही. पुन्हा कडूपाणी, पुन्हा खरवडणे. डाग पडलेली फांदी मुळापासून तोडली, आणि चांगल्या दोन फांद्याही, उगाच धोका नको म्हणून.

विसाव्या उजेडाला थोरल्या कुंडातले चौथे पोवळे पांढरे पडले. ते थोरलीबाईपासून जेमतेम दीड वीत दूर होते. कुंडात एकच गलका उडाला.

“पण ती तर अजून भिंतीपलीकडे आहे,” मिशाळअण्णा म्हणाला. “आत आलीच नाही, तर...”

“काचेतून बघते ना!” कोणीतरी म्हणाले.

“तिच्या वासानंच होतंय.”

“अण्णा, तुमचा जीव का एवढा तुटतो तिच्यासाठी?” थोरलीबाईने विचारले, आणि तिचा चाबूक वळ्यांतून अर्धा बाहेर आला. अण्णाने तो पाहिला. त्यानंतर तो त्या विषयावर बोलला नाही.

त्या दिवशी भीतीने सगळ्यांचीच डोकी फिरली. ज्याचे अंग जरा फिके दिसले त्याच्यावर शेजाऱ्याने चाबूक सोडला. एका मऊ पोवळ्याला दोघांनी दोन बाजूंनी जाळले. त्याचे तुकडे पाण्यावर तरंगत होते आणि मासे ते गिळत होते. फिके का दिसतोस, असे त्याला विचारायचे राहूनच गेले.

एकोणतिसाव्या उजेडाला शेवंतीचे एक तोंड उघडले. शेंड्यावरचे, सगळ्यात लहान. नांगीवाले तिसऱ्या आंघोळीची तयारी करत होते.

“दगड,” ती म्हणाली.

“काय?”

“तो दगड... नको. काढा.”

ही गोष्ट थोरल्या कुंडात पोचली तेव्हा जुन्या घराण्यांना जो संताप आला, तो अंड्यांच्या बातमीनेही आला नव्हता. “आमचा पाहुणेर नको म्हणते! टोचतो होय हिला? खाल्ल्या घरचे वासे मोजते!” गोगलवहिनीही म्हणाली, “इतकं करून हेच फळ, बाई.”

तिसऱ्या खेपेला शेवंतीला शिंपल्यातून बाहेर काढलेच नाही. गुलाबी रंग आधी तपकिरी झाला, मग कातडी लोंबू लागली, मग पाण्यात विरघळली. उरलेले पांढरे हाड नांगीवाल्यांनी ठेचून बारीक केले. ती वाळू थोरल्या कुंडात पसरली. वाळू नेहमीच लागते.

पाहुणेराचा दगड वाजतगाजत परत आला. त्याचा असा अपमान झाला म्हणून या वेळी त्याला मधोमध न ठेवता खुद्द थोरलीबाईच्या पायाशी ठेवले. सगळ्यांना हलके वाटले. उगवत्या उजेडात कुंड छान दिसत होते.

दोन-तीन उजेडांनी गोगलवहिनी त्या दगडावर शेवाळ खायला चढली. वरचे संपले, कडेचे संपले. मग ती, कधी नव्हे ते, दगडाच्या खालच्या बाजूला गेली. तिथे वाळू आणि दगड यांच्यात बोटभर पोकळी होती.

अंडी होती. बुडाशीच होती. पिवळसर ठिपक्यांच्या रांगाच्या रांगा. काही रांगा इतक्या जुन्या की टरफले दगडासारखी कडक झाली होती, काही फुटून रिकामी, आणि काही अगदी ताजी, आत हालचाल असलेली. रांगांच्या मधोमध एका खाचेत नखाएवढ्या खेकड्याची एक नांगी अडकून राहिली होती. खेकडा नव्हता, नुसती नांगी. तिच्या पकडीत एक सपाट अळी आकसून मेली होती. पकड बाहेरच्या बाजूला वळलेली होती, कोणाला तरी दाखवायला धरल्यासारखी.

गोगलवहिनी तिथेच थांबली. त्या तुटलेल्या वाक्याचा पुढचा भाग आता तिच्याजवळ होता. राज्यात दुसऱ्या कोणाजवळही नव्हता.

“वहिनी, ए वहिनी,” वरून थोरलीबाईची हाक आली. “खाली काय करतेस? काही नवीन?”

गोगलवहिनीने पोकळीतून शिंगे बाहेर काढून वर पाहिले. थोरलीबाईच्या पायाशी, जिथे तिला स्वतःला दिसणे शक्य नव्हते, बोटभर पट्टा पांढरा पडला होता. त्याच्या वर चाबूक सैल लोंबत होता.

तेवढ्यात पारखकुंडात वरून काहीतरी आले. जांभळे, नाजूक, बावरलेले. सगळे काचेपाशी जमले.

“पाहुणी आली गं!” थोरलीबाई आनंदाने म्हणाली. “आपली रीत मोडायची नाही. चला, पाहुणेर उचला.”

नांगीवाल्यांनी दोन्ही बाजूंनी दगड उचलला. मासे पुढे नाचू लागले. दगड भिंतीच्या दिशेने हळूहळू डोलत निघाला, आणि त्याच्या बुडाशी, अंड्यांच्या रांगांत, उलटी लटकलेली गोगलवहिनी निघाली. ती एकदा त्या नांगीकडे पाहत राहिली. मग तिने शिंगे आत घेतली, अंग आत घेतले आणि शंखाचे दार घट्ट लावून घेतले.