तिसऱ्या ओढ्याचं चाक

खूप खूप जुनी गोष्ट आहे. एका राज्यात डोंगराच्या कुशीत मोठं धरण होतं. दोन ओढे त्याला येऊन मिळत. दरवाजे जास्त उघडले तर खालची वाडी बुडे, कमी उघडले तर बांध फुटे. नेमके किती उघडायचे, हे सांगायला एका ओताऱ्याने पितळेचं यंत्र घडवलं होतं. ओढ्यावरचे राखणदार पाणी बोटभर चढलं की टोपलीत एक खडा टाकत. टोपली यंत्राच्या तोंडात ओतली की चाकं गरगर फिरत आणि पापणी लवायच्या आत आकडा बाहेर येई.

पण यंत्राला जेवढं ओतून दिलेलं, तेवढंच कळे. एखादा नवा पाट निघाला तरी सगळं यंत्र वितळवून पुन्हा ओतावं लागे. त्यात सहा महिने जात.

ओताऱ्याची एकुलती मुलगी त्याच खालच्या वाडीत दिलेली होती. एकदा माहेरी आली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, यंत्राच्या पोटात एक कोनाडा ठेवा. तिथे माझी मैना बसेल. तिला माणसांचं बोलणं कळतं. चाकांना दोऱ्या बांधू. आपण सांगू तशी ती दोरी ओढेल."

"माझ्या पितळेत पाखराची टकळी?" ओतारी हसला. पण लेकीचा शब्द त्याने मोडला नाही.

"एवढं लक्षात ठेवा," ती म्हणाली. "मैनेने नुसतं सांगायचं. मोजायचं चाकांनीच."

यंत्राला जणू कान आले. आज पाट बदलला, तर आजच मैनेला सांगावं. ओताऱ्याची भट्टी विझली, ती विझलीच.

पुढे तिसरा ओढा धरणाला जोडला. त्याच्यासाठी नवं चाक हवं होतं. मुलीने दोरी वळून आणली. "चाक ओताल तेव्हा लागेल." ओताऱ्याने ती खुंटीला अडकवली आणि मैनेला म्हणाला, "या ओढ्याचे खडे तूच मोज."

"मोजीन, आजोबा. पण मी एकेक मोजते. आणि दर खड्याला सगळं गणित पहिल्यापासून करते."

"जमतंय ना? मग झालं तर."

तीन वर्षं पाऊस बेताचाच पडला. टोपलीत वीस-तीस खडे येत. मुलगी आली की खुंटीकडे बघे.

"बाबा, चाक?"

"करू गं. अडलंय कुठे?"

चौथ्या वर्षी भाद्रपदात, भर दुपारी, तिन्ही ओढे फुगले. दोन ओढ्यांच्या टोपल्या चाकांनी बघता बघता गिळल्या. तिसऱ्याच्या अकरा टोपल्या कोनाड्यापुढे रांगेत थांबल्या.

"मैनाबाई, किती दरवाजे?" दरवाजेवाला ओरडला.

"थांबा. मोजतेय."

"अगं, यंत्राला विचार की!"

"यंत्र माझ्यासाठीच थांबलंय."

ओतारी स्वतः खडे मोजायला बसला. आकडा चुके, तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. मैनेची चोच फुटली, तरी ती मोजत राहिली. शेवटी म्हणाली, "सात."

आकडा बरोबर होता. तोवर बांध गेला होता, आणि बांधाबरोबर खालची वाडी.

पाणी ओसरलं. राजाने बांध पुन्हा बांधायला काढला. ओताऱ्याने भट्टी पेटवली. चाक ओतायला त्याला नऊ दिवस लागले. नऊच. खुंटीवरची दोरी काढून त्याने चाकाला बांधली. ती नेमकी पुरली.

"ओढू, आजोबा?"

"ओढ."

चाक फिरलं. पापणी लवायच्या आत आकडा आला. ओताऱ्याने वाकून खाली पाहिलं. लेकीच्या वाडीच्या जागी नुसता गाळ होता.

म्हणून सांगणाऱ्याने सांगावं आणि पेलणाऱ्याने पेलावं. सोयीपायी एकाचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घातलं, की त्याची झळ तिसऱ्यालाच लागते.