इंदूबाईंच्या चार ओळी

नदीकाठच्या एका गावात घरटी एक माग होता आणि साऱ्या विणकरांची मिळून एक संस्था होती. साड्यांच्या काठांची जुनी नक्षी जपणे हे संस्थेचे काम. मूळ कागद वाळवीने केव्हाच खाल्ले होते. त्याआधी कुणी शहाण्याने त्यांची चित्रे काढून ठेवली, म्हणून सात हजार नमुने वाचले. पण तेही एकाच जुन्या संगणकात होते. म्हणून त्यांची दुसरी प्रत, म्हणजे बॅकअप, वेगळ्या डिस्कवर काढायचे ठरले.

त्या संगणकात एक एआय मदतनीस होता. सांगाल ते काम तो करी. प्रत्येक कामासाठी त्याला एकेक साधन दिलेले असे आणि साधनाबरोबर त्याची माहिती लिहिलेली असे. ती वाचून तो वागे. लिहिलेले नसेल, ते त्याला ठाऊक नसे.

साधने बनवी दिवाकर. माहिती लिहीत इंदूबाई. शाळेतून निवृत्त झालेल्या या बाईंचे मराठी कसे नितळ, म्हणून हे काम त्यांच्याकडे आले होते.

कधी वीज जाणार असते, कधी दुसरे काम अडते. अशा वेळी चालू बॅकअप मध्येच थांबवता यावा, म्हणून दिवाकरने एक नवे साधन केले. बाईंनी माहिती लिहिली: ‘हे साधन चालू बॅकअप थांबवते.’

संस्थेचे अध्यक्ष तुळशीरामअण्णा खूश झाले. “वा! एका ओळीत काम! याला म्हणतात लिहिणं,” ते चारचौघांत म्हणाले. बाईही मनातून सुखावल्या.

घरी भाजी निवडताना मात्र त्यांना वाटले, आपण लिहिले खरे, पण थांबवून कुठे पाहिले? दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या संस्थेत गेल्या. बारा चित्रांचा लहानसा बॅकअप लावला आणि सहा चित्रे झाल्यावर थांबवायला सांगितले. पडद्यावर ‘ठीक आहे’ असे आले, पण काम चालूच राहिले. हातातले चित्र पुरे झाले, तेव्हा कुठे ते थांबले. बाईंनी झालेली चित्रे शोधली, तर एकही नाही!

“अरे दिवाकर, माझी झालेली चित्रं गेली कुठं?”

“बाई, थांबवलं की अर्धी प्रत पुसली जाते. परत पहिल्यापासून लावायचं.”

“मग हे सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही विचारलं कुठं?”

चूक बाईंचीच होती. सातही हजार चित्रांचा मोठा बॅकअप तासाभरात सुरू होणार होता. अण्णांनी वाखाणलेली ओळ आता मागे घ्यायची, म्हणजे चारचौघांत हसे होणार. क्षणभर वाटले, राहू द्यावे, रोज कोण थांबवतोय? पण बाई उठल्या आणि थेट अण्णांपुढे उभ्या राहिल्या.

“अण्णा, काल तुम्ही माझं कौतुक केलंत, पण ती ओळ अर्धवट आहे. मी न तपासताच लिहिली. मला नव्यानं लिहू द्या.”

“अहो बाई, एवढं कोण वाचणार?”

“मदतनीस वाचणार. तो दुसरं वाचतो तरी काय?”

अण्णा हसले. बाईंनी बसल्या बसल्या चार ओळी लिहिल्या. ‘हे साधन चालू बॅकअप थांबवते. सांगताक्षणी काम थांबत नाही; खरोखर थांबले का, ते पाहावे. थांबवल्यास झालेली प्रत पुसली जाते आणि पुन्हा पहिल्यापासून काढावी लागते. म्हणून किती झाले, किती उरले हे माणसाला सांगून, त्याने होकार दिल्यावरच थांबवावे.’

मोठा बॅकअप सुरू झाला. दुपारी साड्यांच्या प्रदर्शनाला जायचा टेम्पो दारात आला आणि अण्णांना मोराच्या काठाचे चित्र छापून हवे झाले. बॅकअपमुळे संगणक गोगलगायीसारखा चालत होता. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला.

अण्णा मदतनिसावर खेकसले, “जे काय चाललंय ते थांबव आणि मोर दे!”

मदतनिसाने माहिती वाचली आणि उत्तर दिले, “बॅकअप चालू आहे. सहा हजार आठशे चित्रं झाली, दोनशे उरली. आता थांबवला तर झालेली सगळी प्रत पुसली जाईल. अजून दहा मिनिटं लागतील. थांबवू का?”

अण्णांचा राग जागच्या जागी विरला. “नको रे बाबा! ड्रायव्हरला चहा द्या. दोन कप द्या!”

बॅकअप पुरा झाला, मोर छापला गेला आणि टेम्पो वाजत गाजत निघाला.

संध्याकाळी वीज गेली, झटक्यात परत आली, आणि जुना संगणक काही पुन्हा उठला नाही. विणकर धावत आले. दिवाकरने ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून नवी प्रत उघडली. सातही हजार काठ जागेवर होते. बायांनी टाळ्या पिटल्या, अण्णांनी पेढे मागवले आणि पहिला पेढा इंदूबाईंना दिला.

पेढा तोंडात असतानाच दिवाकर त्यांच्याजवळ आला आणि डोके खाजवत म्हणाला, “बाई, पुढच्या साधनाचं काम काढलंय. तुम्ही लिहायच्या आधी मीच सगळं सांगतो. कुठून सुरू करू?”

“काय काय बिघडू शकतं, तिथून,” बाई म्हणाल्या आणि वही उघडून बसल्या.

तात्पर्य: जो आपल्या शब्दावर विसंबून काम करतो, त्याला अर्धे सांगू नये; आणि अर्धे सांगितल्याचे ध्यानात आले, तर ते कबूल करून पुरे करण्यात कमीपणा मानू नये.