झिजलेल्या फोर्कचं माप

एकदा एक ट्रक अडून बसला आणि त्याच्यापायी एक शहाणासुरता कारागीर तीन दिवस पिसाटासारखा फिरला, त्याची ही गोष्ट.

ट्रक जुना, पलटणीच्या लिलावातला. चारी चाकांना जोर देणारा असा त्या मुलखात तो एकटाच. डोंगरावरच्या वाडीनं पिठाची गिरणी घेतली होती. तिथल्या बायका डोक्यावर दळण घेऊन दोन तास उतरत आणि तीन तास चढत. ते एकदाचं सुटणार होतं. पण गिरणी पायथ्याशी ताडपत्रीखाली पडून होती. तो उभा चढ चढावा तर याच ट्रकनं, आणि पावसाळा दाराशी आलेला. कच्चा रस्ता एकदा बंद झाला की दिवाळीपर्यंत बंद.

दुखणं एवढंच, की चारी चाकं लावायचा दांडा जागेवर राहत नव्हता. चढावर जोर पडला की खाडकन सुटायचा. दोन वर्षं कुणीतरी शेजारी बसून तो हातानं दाबून धरी. रिकाम्या गाडीला ते खपून गेलं. गिरणीचं धूड पाठीवर असताना वळणावर दांडा सुटला असता तर ट्रक मागं येणार होता, आणि मागं दरी होती.

काम एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं आलं. त्याच्या हाताखाली लहू नावाचा चेला चौदा वर्षं घासत होता. चेला म्हणजे पोर नव्हे, दोन लेकरांचा बाप. ती वाडी त्याची सासुरवाडी. त्यानं सासूला छाती ठोकून सांगितलं होतं, "मामी, शनिवारचं दळण घरच्या गिरणीवर." गडी बोलून बसला आणि तेव्हापासून त्याच्या पायाला भिंगरी लागली.

त्यानं गाडी खोलली, दोष धरला. दांड्याच्या बुडाशी दोन बोटांचा लोखंडी चिमटा असतो, त्याला फोर्क म्हणतात. दांडा ओढला की हा फोर्क आतली कडी सरकवतो आणि पुढची चाकं जोडली जातात. त्याचीच बोटं झिजली होती, म्हणून कडी पुरती बसत नव्हती. तसला ट्रक बनायचा बंद होऊन जमाना लोटला, तेव्हा नवा फोर्क मिळायची आशा नव्हती. उरला जुना बाजार.

नमुना हातात असल्याशिवाय दुकानाची पायरी चढायची नाही, हे वस्तादानं त्याला पहिल्या वर्षीच शिकवलेलं. लहूनं काळाकुट्ट फोर्क फडक्यात गुंडाळला आणि फटफटीला किक मारली.

"अरे, जरा ऐकून तरी जा," म्हातारा म्हणाला.

"आल्यावर ऐकतो, वस्ताद!"

तीन दिवस तो भंगाराच्या बाजारांतून फिरला. जेवण उभ्यानं, झोप फटफटीला टेकून. समोरचा माणूस अर्ध्या वाक्यात असतानाच याची नजर पुढच्या दुकानावर. दुसऱ्या दिवशी हमीदभाई नावाच्या एका जुन्या भंगारवाल्यानं ढिगात हात घालून एक फोर्क काढला आणि धूळ झटकली.

"हा घे. याच जातीच्या गाडीचा. मी स्वतः खोललाय."

लहूनं दोन्ही शेजारी धरले. "जाड आहे, भाई. नमुन्याशी जुळत नाही."

"जुळत नाही? डोळे आहेत का बटणं? नीट बघ तरी!"

"मला घाई आहे."

"ती दिसतेय. चहा पिऊन जा, घाई काय पळून नाही जायची."

लहू केव्हाच रस्त्याला लागला होता.

तिसऱ्या दिवशी त्याला हवा तो फोर्क सापडला. तंतोतंत नमुन्यासारखा, जणू जुळा भाऊ. त्यानं तो कपाळाला लावला. परत येऊन, हात न धुता, बसवला. गाडी चढावर घातली. वीस पावलं गेली नसेल, खाडकन! दांडा सुटला.

लहू स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला. शुक्रवारची सकाळ होती.

लहूनं खोलून दिलेला तो फोर्क म्हाताऱ्यानं भंगारात फेकला आणि जुना पुढं केला. "हा डिझेलमध्ये धू. पार बुडापर्यंत."

"वस्ताद, तिकडं ढग जमतायत आणि तुम्ही मेलेल्याला अंघोळ घालायला सांगताय!"

"घाल. कानामागंसुद्धा घास."

लहू दात खात घासत राहिला. वर्षानुवर्षांचं ग्रीस खरवडून निघालं. म्हाताऱ्यानं पत्र्याचा तुकडा घेतला, कातरीनं त्यात एक खाच पाडली आणि कानशीनं जराजरा वाढवत ती बोटाच्या बुडाशी बसवली. घट्ट बसली. मग तोच पत्रा शेंड्याकडं सरकवला. तिथं तो खुळखुळ हलला.

"शेंडा घासतो, बूड घासत नाही," म्हातारा म्हणाला. "हा घडला तेव्हा केवढा होता, ते अजून इथं बुडाशी शिल्लक आहे. तू झिजलेलं टोक घेऊन बाजारात गेलास, बाजारानं तुला झिजलेलंच दिलं. त्याचा काय दोष? माणसाचंही असंच होतं बघ. दगदगीनं जेवढा उरलाय, तेवढंच आपलं माप धरून तो मागत फिरतो. मग कुणी पुरं दिलं, तर ते त्याला जाड वाटतं. परत करतो. आता हा फोर्क इथंच ठेव. पत्रा घेऊन जा."

लहूला धुळीतून निघालेला तो जाड फोर्क आठवला. "मला हे जायच्या आधी का नाही सांगितलं?"

"सांगत होतो. तू फटफटीवर होतास."

हमीदभाईनं त्याला लांबूनच ओळखलं. "आली का घाई परत?" फोर्क तसाच ढिगावर पडला होता. लहूनं पत्र्याची खाच त्याच्या बोटावर सरकवली. बुडाशी घट्ट, शेंड्याशीही घट्ट. या खेपेला तो चहा पिऊन निघाला.

शनिवारी गिरणी ट्रकवर चढली. लहू चालवायला, म्हातारा शेजारी. चढ लागला. लहूनं दांडा ओढला, खाली कुठंतरी खट् झालं. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. दरी उजवीकडून डावीकडं आली. एका हातानं स्टिअरिंग, दुसऱ्या हातानं दांडा दाबलेला. बोटं पांढरीफटक पडलेली.

"हात काढ," म्हातारा म्हणाला.

"सुटला तर?"

"माप कुठून घेतलंय?"

लहूनं एकेक बोट उचललं. दांडा थरथरत होता, पण जागचा हलला नाही. त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर घेतले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. वर वळणाच्या टोकाला बायका दळणाच्या पाट्या घेऊन वाट बघत उभ्या होत्या.