धूर दिसला, भूक दिसली नाही

फार फार वर्षांपूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका नगरात, सूर्य उगवून नेमक्या चार घटका झाल्या होत्या, तेव्हा ही गोष्ट सुरू झाली. चौथ्या घटकेची घंटा अजून घुमत होती, तोच लुगडी रंगवणाऱ्या एका रंगारणीच्या दारात शाळेतली दोन मुलं धापा टाकत येऊन उभी राहिली.

"मावशी, चला लवकर! तुमची लेक पाढे म्हणता म्हणता पडली."

रंगारीण तशीच धावली. हात कोपरापर्यंत पिवळे, पदर ओला. वाटेत तिच्या मनात काय काय येऊन गेलं, ते आईलाच कळेल.

लेक गुरुजींच्या घोंगडीवर निजली होती. गुळाचं पाणी पोटात गेलं तेव्हा तिनं डोळे उघडले आणि आधी हेच विचारलं, "आई, तू रागावणार नाहीस ना?"

"कशाबद्दल गं, बाळा?"

"सातच्या पाढ्याला अडकले मी."

रंगारणीनं तिला जवळ ओढलं. पोर उपाशी पोटी पडली, आणि तिला काळजी पाढ्याची!

गुरुजी खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, सकाळी काही खायला देत नाही का हिला?"

"घरात असतं तर दिलं नसतं का? अर्धी भाकरी उरली होती, ती हिनं धाकट्याला दिली. पण शाळेत राजाचं अन्न मिळतं, मग हिलाच का नाही?"

"मिळालं असतं. पण तुमच्या घराला धूर असतो ना, बाई."

आता हा धूर काय, ते ऐका.

त्या नगरचा राजा मनाचा वाईट नव्हता. शिकणारं पोर उपाशी राहू नये, म्हणून त्यानं शाळेला कोठारातलं धान्य द्यायला सांगितलं होतं. पण प्रधान हुशार. नको तितका हुशार. तो म्हणाला, "ज्यांच्या घरी शिजतं, त्यांच्या पोरांना कशाला फुकटचं?" त्यानं एक उंच मनोरा बांधला. रोज पहाटे एक पहारेकरी त्यावर चढायचा आणि छपरं न्याहाळायचा. ज्या छपरातून धूर निघाला, त्या घरच्या पोराला शाळेत जेवण नाही. ज्या छपरातून निघाला नाही, त्या घरच्या पोरानं कपाळाला राखेचं बोट ओढायचं, वेगळ्या ओळीत बसायचं, मग त्याला वाढायचं.

पोरंच ती. राखेच्या ओळीकडे बघून ओरडायची, "थंड चुलीचे! थंड चुलीचे!"

रंगारणीच्या डब्यात पीठ असो नसो, धूर रोज असायचा. पळसाची फुलं पहाटेच काहिलीत उकळावी लागत. जाळ केला नाही तर रंग नाही, रंग नाही तर संध्याकाळची भाकरी नाही. आणि जाळ केला तर लेकीला शाळेत जेवण नाही. सांगा, आईनं करायचं काय?

लेकीला शेजारणीकडे सोपवून तिनं तडक प्रधानाचं घर गाठलं.

"प्रधानजी, माझ्या घरचा धूर रंगाचा आहे, स्वयंपाकाचा नाही."

प्रधान पानाला चुना लावत होता. "आज तुला सूट दिली, तर उद्या सगळं नगर म्हणेल, आमच्याकडेही रंगच शिजतो."

"मग माणूस पाठवा. बघू दे काहिलीत वाकून."

"घरोघरी वाकून बघायला माणसं कुठून आणू मी? एवढंच असेल तर पहाटे जाळ करू नकोस. पोरीच्या कपाळाला राख लाव, बसव त्या ओळीत. की लाज वाटते?"

"वाटते," रंगारीण म्हणाली. "पण ती मला वाटायला नको होती, प्रधानजी."

दुसऱ्या दिवशी दरबार भरला, तेव्हा ती डोक्यावर पितळी हंडा घेऊन आत शिरली. हंड्यातून वाफा येत होत्या.

"महाराज, घरचं जेवण आणलंय."

तिनं वाटीत ओतलं. पिवळंधमक, गरमागरम.

"अरे वा, वरण!" राजा म्हणाला.

प्रधान हसला. "बघा महाराज! हीच बाई काल माझ्या दारात येऊन सांगत होती, की घरात काही शिजत नाही."

राजानं घोट घेतला आणि तिथल्या तिथे थुंकला. "हे काय आहे?"

"पळसाचं पाणी, महाराज. लुगडी रंगवायचं. तुमच्या मनोऱ्यावरून हेच जेवण दिसतं. माझी लेक हेच जेवून शाळेत येते, असं तुमचा दरबार म्हणतो. काल ती पडली."

राजानं पहारेकऱ्याला बोलावलं. तो हात जोडून उभा राहिला.

"महाराज, वरून मला धूर दिसतो. भूक दिसत नाही." मग त्याला रडूच फुटलं. "माझ्याच घरी रोज ओला पाला जाळतात. चुलीवर काही नसतं. पोराला कुणी थंड चुलीचा म्हणू नये, म्हणून बायको धूर करते. आणि मी वरून तो धूर बघतो आणि माझ्याच पोराचं जेवण तोडतो!"

राजानं वाटी खाली ठेवली आणि प्रधानाकडे पाहिलं.

"म्हणून काय सगळ्यांनाच वाढायचं?" प्रधान चिडून म्हणाला. "श्रीमंतांच्या पोरांनासुद्धा?"

"हो, त्यांनासुद्धा! तुमच्या घरी तीन चुली, प्रधानजी. पण पहाटे नोकर आंघोळीचं पाणी तापवतात, तेवढाच धूर; घर निजलेलं असतं, आणि तुमची लेक शाळेत पाटीआडून दुसऱ्याच्या ताटाकडे बघत बसते. माझी लेक सांगते मला. आणि लग्नाच्या पंगतीत पान मांडताना विचारता का हो तुम्ही, घरी चूल पेटली होती का म्हणून? तिथे मोठ्यांना विचारत नाही, आणि इथे सात वर्षांच्या पोरांच्या कपाळाला राख लावता!"

राजाचे ओठ पिवळे झाले होते. त्यानं ते पुसले, पण रंग काही जाईना.

त्याच दिवशी मनोरा उतरवायला घेतला. शाळेच्या अंगणात त्याच्याच दगडांच्या चुली मांडल्या. सकाळी न्याहारी, दुपारी जेवण, सगळ्या मुलांना, एकाच पंगतीत. राख नाही, विचारणं नाही. आणि राजा प्रधानाला म्हणाला, "वाकून बघायला तुमच्याकडे माणसं नव्हती ना? आता वर्षभर तुम्हीच वाका आणि वाढा."

पहिल्याच दिवशी प्रधानाच्या लेकीनं बापाकडून तीनदा आमटी मागून घेतली. तिच्या शेजारी पहारेकऱ्याचा मुलगा होता, त्याच्या शेजारी रंगारणीची लेक.

जेवण झाल्यावर पाढे सुरू झाले. रंगारीण कुंपणाबाहेर उभी होती, जीव मुठीत धरून. सात एके सात. सात दुणे चौदा. लेक सत्तरपर्यंत गेली, कुठेही न अडकता. तेव्हा कुठे ती माय घरी वळली.

बोध एवढाच: शिकणाऱ्या पोराला वाढण्याआधी त्याच्या घरची चूल विचारू नये.

आणि ऐकलीत ना गोष्ट? मग उद्या शाळेच्या दाराशी पोराचा हात सोडताना जी कुणी आई दिसेल, तिला ही सांगा. तिलाही म्हणावं, पुढचीला सांग.