गोदूबाईने केलेली चौकट

एक होती आई. राजाराणी आज राहू देत, आईचीच ऐका. आधी पाय पांघरुणात घ्या बरं.

तिचं नाव गोदूबाई. घरात ती आणि तिची लेक सुगंधा, दोघीच. गोदूबाई भारी टापटिपीची. चटईचं टोक वाकडं दिसलं तरी तिला घास जात नसे. सुगंधा लग्नाची झाली तशी आईला एकच घोर लागला. ही सासरी गेली की घर खायला उठेल, आणि तिकडे रमली की मला विसरेल.

मग तिनं चिताऱ्याकडून लेकीची तसबीर काढून घेतली. तिला चौकट हवी म्हणून परसातल्या शिवणीची फांदी तोडायला गेली. तर काय, झाड बोललं. तेव्हा बोलायची झाडं.

"फांदी घे बाई. या चौकटीत जिची तसबीर लावशील, ती कुठंही गेली तरी फिरून तुझ्याकडे येईल. पण तीन कोपरे सरसानं चिकटव, चौथा नुसता टेकव. तिला जायला-यायला वाट हवी."

मग गोदूबाईनं चार पट्ट्या कापल्या. रंधा मारला. टोकं तिरकी कापून एकाला एक भिडवली. तीन कोपरे सरस लावून घट्ट केले, तसबीर बसवली. चौथ्या कोपऱ्याला राहिली केसाएवढी फट. एक दिवस तिनं ती फट बघितली. दुसऱ्या दिवशी बघितली. तेवढ्यात शेजारीण डोकावली. म्हणाली, "एवढी छान केलीस आणि कोपरा उघडा? लोक हसतील गं." आता शेजारणीचं काम बोलायचं, बरं का, ऐकायचं की नाही ते आपण बघावं. तिसऱ्या दिवशी गोदूबाईनं तिथंही सरस भरला, वर खिळा ठोकला.

मग काय झालं, मैत्रिणी सुगंधाला जत्रेला न्यायला आल्या. ती उंबऱ्याशी आली आणि पाऊलच उचलेना. "राहा आईच्या पदराखाली," म्हणून त्या हसत गेल्या.

मग मामा न्यायला आला. पुन्हा तेच. मामा रुसून गेला.

मग तिला मागणी आली. स्थळ चांगलं. लग्न घरातच लागलं. वरात निघाली, आणि सुगंधा उंबऱ्याशी खिळून उभी. "पाय येत नाहीत हो," ती नवऱ्याला म्हणाली.

"पाय येत नाहीत की मन येत नाही?" सासू म्हणाली आणि वऱ्हाड बैल जुंपायला लागलं.

गोदूबाईला कळत नव्हतं असं नाही. जत्रेच्या दिवशीच कळलं होतं. पण लेक घरात राहतेय, याचं तिला बरंच वाटत होतं. आता मात्र लेकीचं तोंड बघवेना. मग ती धावली. चौकट भिंतीवरून काढली, कोपरा ओढला. सरस दगडासारखा वाळलेला. मग तिनं चौकट जमिनीवर आपटली. तुकडे झाले, तसा सुगंधाचा पाय सुटला.

सुगंधानं खाली बघितलं. तुकड्यांत तिचीच तसबीर.

"आई, तुला ठाऊक होतं?"

गोदूबाई खाली वाकून तुकडे वेचायला लागली. मग सुगंधा गाडीत बसली. मागं वळून बघितलं नाही.

सासरी ती सुखात नांदली. मुलं झाली, दूधदुभतं झालं. दर दिवाळीला आईकडे येते, पण अंगणातच बसते.

आई म्हणते, "आत ये गं, उन्हात कशाला?"

ती म्हणते, "इथंच बरंय."

मग आई ताट बाहेर आणते. जेवण झालं की सुगंधा ते ताट हात लांब करून उंबऱ्याच्या आत सरकवते. बाहेर राहूनच.

तर अशा दोघी आपापल्या घरी सुखी आहेत. सुगंधा पुन्हा कधी आत गेली का, ते मला विचारू नका. डोळे मिटा आता. झोपा.