तंबूवर बसलेली मेंढरं

लई वर्सं झाली. समुद्राकाठच्या माळावर धनगराची मेंढरं चरायची. एकदा शहरातली माणसं तिथं मुक्कामाला आली आन् नवाकोरा तंबू ठोकून, कापडं आत ठिवून पवायला गेली.

म्होरकी मेंढी हौशी तंबूला म्हणाली, "बाबा, हितं दुपारी वारा सुटतो. त्यांना सांग, खाली खळग्यात ठोका म्हणावं."

"गप गं हौशे," तंबू म्हणाला. "तुमी लोकरीची गाठोडी. तुमाला काय कळतंय?"

दुपारी वारा सुटला. तीन खुंट्या उपटल्या आन् तंबू फुगून समुद्राकडं निघाला.

"हौसामावशी, धरा की मला!"

हौशी जाऊन त्याच्या कडंवर बसली. म्होरकी बसली की कळप बसतो. चाळीस मेंढरं तंबूवर बसली. तंबू वाचला, पर त्याची पार भाकर झाली.

वारा पडला. तंबू खालनं म्हणाला, "मावशी, उठा की आता."

"म्होरकी उठल्याबिगर कळप उठत न्हाई."

"म्होरक्या तुमीच की."

"व्हय, पर माजं गुडघं लई दुखत्यात बाबा."

माणसं पवून वल्लीचिंब परत आली. हौशी निवांत रवंथ करत हुती, आन् त्यांची कोरडी कापडं तिच्या बुडाखाली.