भट्टीच्या कोपऱ्यातली वीट

फार मागची गोष्ट. एका नदीच्या वळणावर एक गाव होतं, गावाबाहेर विटांची भट्टी होती आणि भट्टीला लागून एक घर होतं. त्या घरात राहायचे गोंदाजी नावाचे म्हातारे भट्टीवाले, त्यांचा मुलगा मालू आणि सून राही. गोंदाजी भट्टी रचायचे, मालू जाळ घालायचा, राही चिखल तुडवून विटा थापायची. आळीत आणखीही घरं होती, सगळी याच भट्टीवर पोट भरणारी.

राजाची देवळं, कोठारं, नदीचे घाट, सगळं याच भट्टीच्या विटेतून उभं राहिलेलं. लांबलांबचे लोक म्हणायचे, वीट घ्यावी तर गोंदाजींची.

भट्टी उघडायची तिथे एक रीत होती. सगळी आळी जमायची. राजाचा कारभारी यायचा. गोंदाजी पागोटं सारखं करून भट्टीवर चढायचे, नेमकी मधोमधची वीट उपसायचे आणि बोटाच्या पेरानं वाजवायचे. वीट काशाच्या वाटीसारखी खणखणायची. कारभारी मान डोलवायचा, गूळ वाटला जायचा, भट्टी साधली म्हणायची.

आता तुम्ही म्हणाल, यात वाईट काय झालं. ऐका तर.

मधली वीट छान पिकायची, पण कडेपर्यंत धग पोचायचीच नाही. चारी कोपऱ्यांतल्या विटा पिवळट राहायच्या. वाजवल्या तर बद्द आवाज, पाणी लागलं तर भुगा. राजाच्या गाड्या चांगला माल भरून गेल्या की मागे या उरायच्या. टाकून तरी कशा द्यायच्या? आळीतली माणसं त्याच विटांनी आपापली घरं बांधायची. आणि गंमत बघा, त्या विटेला तिथे कुणी कच्ची म्हणत नसे. घरची वीट म्हणायचे. पक्की ती राजाची, कच्ची ती घरची. आजे-पणजे तसंच म्हणत आले होते. दर पावसाळ्यात कुणाची ना कुणाची भिंत बसायची. लोक ती पुन्हा उभी करायचे, पुन्हा घरच्याच विटेनं.

एका श्रावणात राहीच्या घराची मागची भिंत बसली. भिंतीशी तिची लेक निजली होती, नुकती बोलायला लागलेली.

त्याचं जास्त सांगत नाही. माती उपसताना राहीच्या हाताला एक वीट लागली. विटेवर बोटं उमटली होती, ओली वीट साच्यातून काढताना उमटतात तशी. राहीनं त्यावर आपली बोटं ठेवून पाहिली. बरोबर बसली.

त्यानंतर राही फारसं बोलेनाशी झाली. चिखल तुडवायची, विटा थापायची, चूल पेटवायची, बस्स. भिंत पुन्हा उभी राहिली. वर्ष सरलं, आणि राहीला पुन्हा दिवस गेले. आळीतल्या बायांनी तोंडभरून आशीर्वाद दिले. राहीनं ते पदरात घेतले, पण तिची नजर मागच्या भिंतीवरून हलेना.

एके दिवशी सासऱ्याला वाढता वाढता ती म्हणाली, "मामंजी, एक विचारू?"

"विचार की."

"या बाळाच्या उशालाही घरचीच वीट येणार?"

गोंदाजींचा घास हातातच राहिला. मग ते हळू म्हणाले, "पोरी, चांगली वीट राजाची. ती आपण घराला लावली तर कारभारी काय म्हणेल?"

"चांगली मी मागतच नाही. कच्ची निघूच नये, एवढंच माझं म्हणणं."

मालू म्हणाला, "अगं, भट्टी आहे ती. भट्टीला कड असणार आणि कडेची वीट कच्ची राहणार. त्याला कोण काय करणार?"

"कुणी काही करून पाहिलं का आजवर?"

मालूनं बापाकडे पाहिलं. तेव्हा राही म्हणाली, "कच्चीला आपण घरची म्हणतो, तिथेच आपलं चुकलं. नाव मायेचं दिलं, म्हणून ती कुणाला टोचली नाही. ती कसली आहे ते मला विचारा."

गोंदाजी ताटावरून उठले. त्या दिवशी त्यांनी पुन्हा अन्नाला हात लावला नाही.

मालूच्या जिवाला ते बोलणं लागलं. पुढच्या भट्टीला त्यानं बापाला न विचारता दुप्पट जाळ घातला. मनात म्हणाला, धग कमी पडते म्हणून कड कच्ची राहते, तर धगच वाढवावी.

भट्टी उघडायचा दिवस आला. गोंदाजी वर चढले, मधली वीट उपसायला वाकले, तर वीट निघेचना. मधल्या साऱ्या विटा वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या, काळा कातळ झाला होता नुसता. आणि कोपऱ्यांत? कोपऱ्यांत विटा होत्या तशाच पिवळ्या.

त्या दिवशी गूळ वाटला गेला नाही. कारभारी जाताना म्हणाला, "गोंदाजी, कोठाराचं काम अडलंय. पावसाच्या आत दुसरी भट्टी द्या. तीही अशीच निघाली, तर राजाची वीट दुसऱ्या गावाहून येईल."

म्हणजे साऱ्या आळीची चूल विझायची वेळ आली. आणि माणसांचं कसं असतं, चूल विझायला लागली की आधी सुनेकडे बघतात. भागूआत्या नावाची एक शेजारीण होती, जिभेनं तिखट. पाणवठ्यावरून येताना गोंदाजींना ऐकू जाईल अशा बेतानं ती म्हणाली, "सुनेच्या नादानं भट्टी जाळली. आता सून भट्टी रचेल आणि सासरा भाकऱ्या बडवत बसेल."

गोंदाजी ओट्यावर बसले होते. मान वर न करता म्हणाले, "भाकरी मला येते, भागू. तुझ्याहून पातळ येते."

आत राहीनं ते ऐकलं. सासरा आपल्यावर रागावलेला नाही, एवढं तिला कळलं.

दुपारी ती एकटीच त्या बिघडलेल्या भट्टीपाशी गेली. भट्टीच्या तोंडाशी, राखेखाली, थोडा विस्तव अजून धुगधुगत होता. त्या काळी विस्तव बोलायचा, कुणी मनापासून विचारलं तर.

राही म्हणाली, "बाबा, तुला इतकी लाकडं खाऊ घातली. तरी कोपऱ्यातल्या विटांकडे तू फिरकला नाहीस. त्यांनी तुझं काय वाकडं केलं होतं?"

विस्तव म्हणाला, "माझा कुणी वैरी नाही, बाई, आणि लाडकंही कुणी नाही. मला वाट असेल तिकडे मी जातो. धुराला बाहेर पडायचं दार तुम्ही ठेवता माथ्यावर, मधोमध. मी खालून शिरतो आणि सरळ त्या दारानं निघून जातो. लाकडं वाढवलीत, तर त्याच वाटेनं जास्त जोरात गेलो. कोपऱ्यात मला दार कुठे आहे?"

"केलं तर जाशील?"

"दार कर आणि वाटही कर. विटा तुम्ही अशा दाटून रचता, की मला अंग चोरायलाही जागा नसते."

एवढं बोलून विस्तव पांढरा पडला.

राहीनं घरी येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. मालूला ते पटलं. गोंदाजी मात्र म्हणाले, "माथ्यावरचं दार माझ्या बापानं ठेवलेलं आहे." आणि उठून बाहेर गेले.

दुसरा सबंध दिवस ते भट्टीपाशी बसून होते. काटकीनं राखेत रेघा ओढायचे, पुसायचे, पुन्हा ओढायचे. सूर्य कलला तेव्हा घरी आले आणि सुनेला म्हणाले, "वाट करायची तर विटा एका थराला आडव्या आणि एका थराला उभ्या बसवायला हव्यात. दोन विटांत बोटभर फट हवी, आणि तरी डोलारा कोसळता कामा नये. ते तुला जमायचं नाही, सूनबाई. त्याला माझाच हात पाहिजे. भट्टी मी रचतो."

मालू चाचरत म्हणाला, "आबा, आणि बिघडली तर?"

"बिघडली तर गाव सोडू," गोंदाजी म्हणाले. "आजवर एकही भट्टी बिघडवली नाही मी. पण घरात काय राखलं?"

मालू उठला आणि विटांचे साचे बाहेर काढू लागला.

मग कामाला लागले. राहीनं विटा थापल्या, आळीतल्या बायाही कुरकुरत का होईना आल्या. गोंदाजींनी थर रचले, एक आडवा, एक उभा, मध्ये बोटभर फट. माथ्यावरचं मधलं दार त्यांनी स्वतःच्या हातानं लिंपून बंद केलं आणि चारी कोपऱ्यांना चार धुराडी ठेवली. राही म्हणाली, "कडेला निजणाऱ्याला पांघरूण जास्त लागतं, मामंजी." तेव्हा बिघडलेल्या भट्टीतल्या काळ्या विटा फोडून त्यांची बाहेरून आणखी एक भिंत घातली आणि दोन्ही भिंतींच्या मध्ये राख ठासून भरली. जाळ घालायला पूर्वी एकच तोंड असे, आता समोरासमोर दोन केली. मालूनं या खेपेला घाई केली नाही. आधी मंद जाळ, विटांचा ओलावा जाईस्तोवर. मग हळूहळू मोठा.

सारी आळी बघायला जमली. पहिल्यानं कुठूनच धूर निघेना.

"गुदमरली भट्टी," भागूआत्या म्हणाली. पण या वेळी तिच्या आवाजात टोमणा नव्हता, भीती होती. तिचंही घर त्याच विटेचं होतं.

बऱ्याच वेळानं एका कोपऱ्यातून धुराची बारीक रेघ वर गेली. मग दुसऱ्यातून. मग तिसऱ्यातून. चौथा कोपरा मात्र गप्पच. मालू शिडी लावून चढला. धुराड्यात ओला चिखल घसरून बसला होता. त्यानं वेळूची काठी घालून तो मोकळा केला, आणि तिथूनही धूर निघाला.

धूर पांढऱ्याचा निळसर झाला, निळसरही विरत गेला. दोन्ही तोंडं बुजवली. भट्टी निवेपर्यंत तिला कुणी हात लावला नाही. राहीचे दिवस भरत आले होते. नदीपलीकडच्या डोंगरावर ढग जमायला लागले होते.

भट्टी उघडायच्या दिवशी कारभारी आला. गोंदाजींनी पागोटं सारखं केलं आणि वर चढले. जन्माची सवय, पाय आपोआप मधोमध गेले. ते वाकले. हात विटेपाशी गेला आणि तिथेच थांबला. मग ते उठले आणि चालत कोपऱ्यात जाऊन बसले.

कारभारी खालून म्हणाला, "तिकडे कुठे? वीट मधली वाजवायची असते."

"मधलीचं ऐकून आम्ही आजवर खूश होत आलो, कारभारी. आज हिला विचारतो."

त्यांनी कोपऱ्यातली वीट उपसली. तांबडीलाल होती. बोटाचं पेर उचललं, क्षणभर तसंच धरलं, आणि वाजवलं.

वीट खणखणली.

गोंदाजी दुसऱ्या कोपऱ्यात गेले. तीही खणखणली. तिसऱ्यातलीही. चौथ्या कोपऱ्यात, जिथे चिखल अडकला होता, तिथे मात्र चार-दोन विटा फिक्या निघाल्या. मालू त्या बाजूला ठेवायला लागला. "ठेवू नकोस," गोंदाजी म्हणाले. त्यांनी स्वतः त्या खाली नेल्या, घणानं त्यांचा भुगा केला आणि चिखलाच्या खड्ड्यात टाकला. "पुढच्या खेपेला पुन्हा थापू," एवढंच बोलले.

गाड्या भरल्या. कोठाराला हव्या तेवढ्या विटा झाल्या, तरी भट्टीपाशी केवढा तरी ढीग उरला, सगळा पक्क्या विटांचा. कारभाऱ्यानं त्यातल्या दोन-तीन स्वतः वाजवून पाहिल्या आणि विचारलं, "या कच्च्या नाहीत. मग या कुणाच्या?"

राही पुढे झाली. डोक्यावरचा पदर सावरून म्हणाली, "तुम्हीच सांगा, दादा. पूर्वी कच्च्या उरायच्या तेव्हा त्या कुणाच्या हे आम्हाला कुणी विचारलं नाही."

कारभारी वळला. आळीतल्या घरांकडे त्यानं पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं. "राजाची गरज भागली," तो म्हणाला. "उरलं ते तुमचं. इथून पुढेही."

पाऊस यायच्या आत आळीतल्या घरांच्या मागच्या भिंती नव्या झाल्या. आधी कुणाची, यावरून वाद झाला नाही. जिची सगळ्यात जास्त कललेली होती, तिची आधी. ती निघाली भागूआत्याची, आणि विटा वाहायला राहीचा मालू सगळ्यांच्या पुढे होता. तेव्हापासून त्या गावात भट्टी उघडताना पहिली वीट कोपऱ्यातली उपसायची पद्धत पडली.

त्या वर्षी पाऊस उदंड झाला. नदी घाटाच्या पायऱ्यांवर आली, पण आळीत एकही भिंत बसली नाही. आषाढात राहीला मुलगी झाली. गोंदाजींनी तिला कुशीत घेतलं, मालूनं आळीभर गूळ वाटला, आणि बाहेर धो धो कोसळत असताना राही लेकीला घेऊन भिंतीशी निजली ती उजाडेपर्यंत गाढ निजली. ते घर पुढे मुलानातवंडांनी भरलं. त्यांना लाभला तसा निवांतपणा ऐकणाऱ्यांच्याही घरी नांदो.

बोध एवढाच: मध्ये बसलेल्याला ऊब मिळाली म्हणून काम साधलं असं समजू नये, कडेला बसलेल्यापर्यंत ती पोचली का, हे आधी बघावं.